स्वस्त अंतरमापक : निवड, वापर आणि परिणाम

अंतरमापक म्हणजे मुठीत मावणारी, एका डोळ्याला लावायची दुर्बीण. बटण दाबले की तिच्यातून डोळ्याला न दिसणारा लेसरचा झोत निघतो, समोरच्या वस्तूवर आपटून परत येतो, आणि जाण्यायेण्याला लागलेल्या वेळेवरून यंत्र अंतर सांगते. प्रकाश एका नॅनोसेकंदात साधारण तीस सेंटिमीटर जातो. तीनशे मीटरवरच्या लिंबाच्या झाडाला शिवून परत यायला त्याला सेकंदाचा पाच लाखावा हिस्सा पुरतो. एवढ्या वेळाचा हिशेब ठेवणारे यंत्र दहा-बारा हजारांत मिळते, आणि ते घ्यावे की नाही हे ठरवायला घेणाऱ्याला दोन दिवाळ्या लागतात.

परदेशात हे यंत्र मुख्यतः शिकारी वापरतात. हरीण दोनशे वारांवर उभे आहे की दोनशे साठ, यावर गोळी वाटेत किती खाली येणार हे ठरते. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हा प्रश्नच निकाली काढला. उभ्या पिकाची नासाडी करणाऱ्या रानडुकराबाबत किंवा रोह्याबाबत कायद्यात परवानगीची वाट ठेवलेली आहे, पण ती अर्ज, पाहणी आणि सही अशा मुक्कामांवरून जाते, आणि रोह्याला मुक्कामाची सवय नसते. तेव्हा शिकारीच्या अंतरमापकाला छत्रपती संभाजीनगरात एकही गिऱ्हाईक असू नये. तरी ते असते. शिकार करण्याची इच्छा फार थोड्यांना असते. शिकारीच्या तयारीची हौस मात्र घरटी एकाला.

या हौसेला इतिहास आहे. हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, आणि त्या काळात साहेब, जहागीरदार आणि त्यांच्याबरोबर हाकाऱ्याला गेलेले सगळे जण शिकारी म्हणवले जात. जुन्या शहरात एखाद्या आजोबांनी वाघ मारलेला नाही असा वाडा सापडणे कठीण. अशा वाघांचा एक नियम अभ्यासकाने ध्यानात ठेवावा : वाघ दर पिढीला जवळ येतो. आजोबांनी स्वतः सांगितले तेव्हा तो नाल्याच्या पलीकडे होता. मुलाने सांगितले तेव्हा पन्नास पावलांवर आला. नातू सांगतो तेव्हा वाघाचा श्वास आजोबांच्या मिशीला लागतो. त्या काळी अंतर मोजायची साधने नव्हती असे नाही. बार अँड स्ट्राउड या ब्रिटिश कंपनीची, दोन टोकांना दोन भिंगे बसवलेली लांबलचक नळकांडी तोफखान्यात वापरात होती. पण ती उचलायला माणूस लागे, आणि वाघाच्या गोष्टीत दुसरा माणूस असणे सोयीचे नसते.

आजचा खरेदीदार बहुधा चाळिशीच्या पुढचा असतो. त्याच्याकडे बंदूक नसते. असलीच तर चुलत्याच्या नावावर असते आणि निवडणुकीच्या आधी पोलीस ठाण्यात जमा होते. कन्नड किंवा खुलताबादकडे त्याची चार-पाच एकर जमीन असते, तीत मका असतो आणि मक्यात रानडुकरे असतात. नाहीतर त्याला पक्ष्यांची आवड असते. पैठणच्या जायकवाडी धरणाचा नाथसागर पन्नासेक किलोमीटरवर, आणि तिथले पक्षी अभयारण्य १९८६ पासूनचे. हिवाळ्यात पट्टकादंब, चक्रवाक आणि नशीब असेल तर रोहित दिसतात. उरलेल्यांना काही कारण नसते. ते घरी ‘उपयोगाला येतं’ एवढेच सांगतात. हे कारण आजवर कोणत्याही गृहिणीने मान्य केलेले नाही, पण त्यावाचून कोणत्याही घरात वस्तू आलेली नाही.

निवडीची सुरुवात चौकशीने होते. पहिल्या आठवड्यात खरेदीदाराला काहीच माहीत नसते आणि तो सुखी असतो. महिनाभराने त्याला ९०५ नॅनोमीटरची लहर, सहापट मोठे दिसणे, एकवीस मिलिमीटरचे भिंग आणि उताराची दुरुस्ती हे सगळे पाठ होते, आणि कॅनॉट प्लेसला चहा पिताना तो समोरच्या इमारतीकडे डोळा बारीक करून पाहू लागतो. सोबतचे मित्र विचारतात, “काय दिसतंय?” तो म्हणतो, “एकशे दहा मीटर असेल.” मित्र म्हणतात, “असू दे ना. तुझं काय गेलं?” या प्रश्नाला उत्तर देणारे यंत्र अजून निघालेले नाही.

किमतीच्या बाबतीत बाजाराचे दोन भाग पडतात. जर्मन बनावटीची अंतरमापक दुर्बीण लाखाच्या पुढे जाते. ती फक्त बघायची असते, आणि बघून झाल्यावर ‘तेवढी काही गरज नाही’ असे म्हणायचे असते. दुसऱ्या भागात एकाच कारखान्यातून निघाल्यासारखी दिसणारी आणि बहुधा निघालेलीच यंत्रे निरनिराळ्या नावांनी मिळतात. त्यांच्यातला फरक रंगाचा. झाडोऱ्याची चित्रे असलेल्या हिरव्या-तपकिरी यंत्राला हजारभर रुपये जास्त पडतात, कारण ते जनावराला दिसत नाही. पुढे ते मालकालाही दिसत नाही आणि बांधावरच्या गवतात हरवते, पण ती नंतरची गोष्ट.

खोक्यावर ठळक अक्षरांत ‘१०००’ छापलेले असते. हा आकडा कशाचा, हे समजून घेण्यात खरेदीचे निम्मे शहाणपण आहे. हे यंत्र हजार वारांवरची वस्तू मोजते खरे, पण ती वस्तू उजेड परतवणारी, चकचकीत आणि बरोबर समोर तोंड करून उभी असली पाहिजे. झाडासाठी हा पल्ला बराच घटतो, आणि हरणासाठी साधारण निम्म्याच्या आसपास येतो, कारण हरणाच्या अंगावरचे केस झोत पिऊन टाकतात आणि हरीण समोर तोंड करून उभे राहायला बांधील नसते. पूर्ण हजार वार मोजायचे असतील तर समृद्धी महामार्गावरचे फलक हे सर्वांत उत्तम लक्ष्य. त्यांच्यावरचा कागद उजेड जसाच्या तसा परत पाठवतो. शिवाय त्यांच्यावर अंतर आधीच लिहिलेले असते.

दुसरी खाच वारांची. स्वस्त यंत्र डबीतून निघते तेव्हा यार्डांत बोलते. मीटरसाठी एक बटण तीन सेकंद दाबून धरायचे असते, पण हे ज्या कागदावर लिहिलेले असते तो आधी चिनी भाषेत आणि मग चिनी वळणाच्या इंग्रजीत असतो. घरात कोणी मीटरवाला, कोणी फूटवाला. यार्ड ही चीज समजणारे एकच माणूस उरते : आजी. “दोनशे पंचवीस म्हणजे किती गं?” असे नातवाने विचारले की ती हिशेब करून सांगते, “पंचवीस लुगडी.” हा हिशेब अचूक आहे. नऊवारी लुगडे नऊ वारांचे, वार म्हणजे यार्ड, आणि पंचवीस लुगडी अंथरली तर दोनशे सहा मीटरच्या जरा अलीकडे शेवटचा पदर येतो. त्या घरात मग मीटरचे बटण कोणी शोधत नाही. टॉवर चाळीस लुगड्यांवर आणि शाळेचे गेट अठरावर हे सगळ्यांच्या अंगवळणी पडते.

उताराची दुरुस्ती करणारे यंत्र घ्यावे की साधे, यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. तज्ज्ञ म्हणजे गोगाबाबा टेकडीवर सकाळी फिरायला येणारे निवृत्त लोक. तत्त्व सोपे आहे. तीस अंशांच्या उतारावर खाली शंभर मीटर दिसणारी वस्तू आडव्या हिशेबाने सुमारे सत्याऐंशी मीटरवर असते, आणि गोळीला आडवे अंतर लागू पडते. गोळी नसलेल्या माणसाला हे कशाला लागते, असा प्रश्न टेकडीवर एकदा निघाला. “असलेली बरी,” असे एकाने सांगितले. “पैसे तेवढेच असतील तर,” असे दुसऱ्याने जोडले. तिसऱ्याने यंत्र डोळ्याला लावून आपण एरवी किती चढतो ते मोजले, दुरुस्तीनंतरचा कमी आकडा वाचला आणि ही सोय यंत्रात नसलेलीच बरी, असे मत दिले.

यंत्र घरी आले की पहिल्या संध्याकाळी गच्चीवर त्याची परीक्षा होते. दोन गोष्टी तिथेच उघड होतात. खिडकीच्या काचेतून मोजले तर यंत्र बाहेरचे काही सांगत नाही. ते भलताच आकडा सांगते, किंवा गप्प बसते. आणि पाच-सहा मीटरच्या आतले काही त्याला कळत नाही. तिथे पडद्यावर तीन आडव्या रेघा उमटतात. पल्ल्याबाहेरच्या वस्तूसाठीही त्याच तीन रेघा. ‘फार जवळ आहे’ आणि ‘फार लांब आहे’ या दोन्हींसाठी एकच खूण ठेवण्यात कारखान्याने बचत केली असावी. या बचतीचा लाभ तिसऱ्याच एका व्यवसायाला कसा झाला, ते पुढे येईल.

शेतावरचा वापर रात्री असतो. माळ्यावर बसलेला मालक मक्यात खसफस ऐकतो, बॅटरी मारतो, यंत्र रोखतो आणि बटण दाबतो. आकडा येतो : नऊ. डुक्कर नऊ मीटरवर आहे असे समजून तो गड्यासह माळ्याच्या आणखी वरच्या फळीवर चढतो. वास्तविक यंत्राने मोजलेले असते समोरचे मक्याचे पान. झोत वाटेत जे पहिले भेटेल त्यावरून परततो. म्हणून जरा बऱ्या यंत्रांत ‘जवळचे’ आणि ‘लांबचे’ अशा दोन तऱ्हा असतात. दुसरी तऱ्हा लावली की मधली पानेफांद्या वगळून मागची वस्तू मोजली जाते. ती लावल्यावर आकडा आला एकशे चाळीस. तो पलीकडच्या विहिरीच्या कठड्याचा होता. नऊ आणि एकशे चाळीस यांच्या दरम्यान कुठेतरी असलेल्या डुकराने तोवर दोन ओळी संपवल्या. गड्याने शेवटी पत्र्याचा डबा बडवला. डबा बडवायला अंतर माहीत असावे लागत नाही.

नाथसागरावर वेगळी अडचण येते. पाण्यावर तिरपा पडलेला झोत परत फिरत नाही, पुढे निघून जातो. रोहितांचा थवा समोर उथळ पाण्यात स्वच्छ उभा, आणि पडद्यावर तीन रेघा. हिवाळ्यातल्या पहाटे धुके असले तर यंत्र धुकेच मोजते आणि अकरा मीटर असे ठामपणे सांगते. पक्षीनिरीक्षक कंटाळून शेवटी धरणाकडे वळतो आणि सत्तावीस दरवाज्यांपैकी एक मोजतो. तो चटकन मोजला जातो. घरी आल्यावर “किती पक्षी दिसले?” याला उत्तर नसले तरी “दरवाजा सहाशे चाळीसवर आहे” एवढी माहिती सोबत आलेली असते.

अंतरमापकाचा निर्विवाद उपयोग होतो तो वनखात्याकडे, हेही नोंदवले पाहिजे. देशभरच्या व्याघ्रगणनेत वनरक्षक आखलेल्या सरळ रेषेवरून पहाटे चालतात, आणि दिसलेल्या प्रत्येक चितळाचे, सांबराचे, गव्याचे अंतर यंत्राने व दिशा होकायंत्राने टिपतात; त्यावरून जंगलात तृणभक्षी किती, याचा अंदाज निघतो. दुसरा उपयोग शहरालाही माहीत झालेला आहे. डिसेंबर २०१९ मध्ये सिडको एन-१ मध्ये बिबट्या शिरला आणि काही तासांच्या धावपळीनंतर बेशुद्ध करून पकडला गेला. बेशुद्धीचे इंजेक्शन फेकणाऱ्या बंदुकीत दाब किती ठेवायचा हे अंतरावर ठरते. दाब कमी पडला तर सुई वाटेत पडते, जास्त झाला तर जनावर जखमी होते. तिथे मीटर दोन मीटरची चूक महागात जाते, आणि कोणाचा अंदाज चालत नाही.

अंदाज चालतात ते नंतर. बिबट्या गेल्यावर एन-१ मधल्या प्रत्येकाच्या पायरीवरून तो दहा फुटांवर दिसलेला होता. जुलै २०२४ मध्ये उल्कानगरीत बिबट्या सीसीटीव्हीत दिसला, तेव्हा पुन्हा हेच अंतर निघाले; दहा फूट हे बिबट्याचे सरकारी अंतर असावे. याच सुमारास एका गल्लीत अंतरमापक आलेला होता. त्याच्या मालकाने शेजाऱ्याच्या गॅलरीतून, शेजाऱ्याने दाखवलेल्या जागेवर, म्हणजे कोपऱ्यावरच्या पाण्याच्या टाकीवर, यंत्र रोखले. “चौऱ्याऐंशी मीटर,” तो म्हणाला. गॅलरीत शांतता पसरली. “मशीन चायनाची आहे ना?” शेजाऱ्याने विचारले. वहिनींनी चहाचा ट्रे आत नेला. त्या मालकाला पुढे कोजागरीचे बोलावणे आले नाही. अंतरमापक घेणाऱ्याने हा खर्चही किमतीत धरावा.

मोजणीसाठी या यंत्राचा वापर करू नये. स्वस्त अंतरमापक एक मीटर इकडेतिकडे चुकतो, आणि शिकारीला ते चालते. तीस बाय चाळीस फुटांच्या प्लॉटला चालत नाही. दोन्ही बाजूंना मीटरभर जास्त धरले तर बाराशे चौरस फुटांचा प्लॉट सुमारे चौदाशे चाळीस होतो, मीटरभर कमी धरले तर नऊशे ऐंशीवर येतो. सातारा परिसरातल्या एका मालकाने सकाळी मोजून पेढे वाटले आणि संध्याकाळी मोजून वकील गाठला. बांधाच्या भांडणात तर हे यंत्र बाहेर काढूच नये. तेहतीस फुटांची साखळी आणि तिचे सोळा आणे यांवर पिढ्यानपिढ्या भांडत आलेले भाऊबंद लेसरला दाद देत नाहीत. “लाल रेघ दिसत नाही, मग मोजलं कशावरून?” हा चुलत्याचा सवाल बिनतोड असतो. ९०५ नॅनोमीटरची लहर डोळ्याला दिसत नाही, हे त्याला समजावणारा पुतण्या खोटे बोलत असल्याचे सगळ्या शिवाराला तिथेच पटते.

प्लॉट विकणाऱ्यांनी मात्र या यंत्राचे स्वागत केले. “समृद्धीपासून पाच मिनिटं” अशा जागेवर एक खरेदीदार अंतरमापक घेऊन गेला. माळावर उभे राहून त्याने महामार्गाच्या दिशेने बटण दाबले. तीन रेघा. पुन्हा दाबले, पुन्हा तीन रेघा. एजंटाने यंत्र हातात घेतले, माहितीचा कागद मागितला, आणि त्यातले एक वाक्य बोट ठेवून वाचून दाखवले : पाच मीटरच्या आतली वस्तू मोजली जात नाही. “बघा साहेब,” तो म्हणाला, “मशीनला पण मोजता येईना, इतकं जवळ आहे.”

वापराची जागाही सांभाळावी लागते. लेसर डोळ्याला धोका न देणाऱ्या वर्गातला असतो, पण हे त्याच्याकडे पाहणाऱ्याला ठाऊक नसते. छावणी भागात, चिकलठाण्याला विमानतळाच्या कुंपणाजवळ किंवा कोणाच्याही खिडकीच्या दिशेने एका डोळ्याचे हिरवे-तपकिरी यंत्र रोखून उभे राहू नये. “काय चाललंय?” असे कोणी विचारले तर “अंतर मोजतोय” हे उत्तर खरे असले तरी पुरत नाही. “कशाला?” हा पुढचा प्रश्न येतो, आणि त्याची तयारी खरेदीच्या वेळी कोणीच केलेली नसते. गौताळा अभयारण्यात रात्री हे गळ्यात अडकवून फिरणाऱ्याला वनरक्षक तोच प्रश्न विचारतो, आणि तिथे ‘उपयोगाला येतं’ म्हटले तर प्रकरण वाढते.

देखभाल विशेष नाही. भिंग शर्टाच्या टोकाने पुसू नये, सगळे पुसतात. बॅटरी ‘सीआर-२’ नावाची, बोटाच्या पेराएवढी बुटकी असते. गल्लीतला घड्याळवाला ‘सीआर-२०३२’ काढून देतो. ती नाण्यासारखी चपटी असते आणि यंत्रात बसत नाही. “नावात दोन आहे ना, मग?” तो म्हणतो. बसत नाही म्हटल्यावर कागदाची घडी घालून बसवून बघा, असेही सुचवतो. सीआर-२ मागवली तर यायला आठवडा लागतो, आणि आठवडाभर यंत्रावाचून राहिलेल्या मालकाच्या लक्षात येते की त्याचे काही अडलेले नाही.

अंतरमापकाची शेवटची अवस्था विक्रीची. जाहिरातीत ‘जवळजवळ न वापरलेला, पेटीसह, मीटर व यार्ड दोन्ही’ असे लिहावे. मीटरचे बटण सापडलेले नसले तरी चालते. निम्म्या किमतीला गिऱ्हाईक मिळते. तेही चाळिशीच्या पुढचे असते आणि त्याने महिनाभर चौकशी केलेली असते. फोनवर ते अचूकता विचारते, पल्ला विचारते, उताराची दुरुस्ती आहे का ते विचारते. सौदा ठरल्यावर घर कुठे, हे विचारते.

“बीड बायपासला,” मालक सांगतो.

“लांब आहे का हो?”

“छे हो, क्रांती चौकातून पाच मिनिटं.”